सुकतीच्या वेळेची होडी

ऐरोलीच्या खाडीतली फ्लेमिंगो सफर दुपारी तीनला आहे असं कळलं तेव्हा मी वैतागले होते. ऐन उन्हात पक्षी बघायला कोण जातं? सकाळी सहाची वेळ मागितली, तर उत्तर आलं, ‘तेव्हा होडी गाळात बसलेली असते.’

आदल्याच दिवशी माघी पौर्णिमा झाली होती. या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्याला भरती दुपारी बारा-साडेबाराला लागते आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. होडीला पाणी हवं, पक्ष्यांना उघडा गाळ हवा. दोघांचं जमतं ते सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर, थोडाच वेळ. ते समजल्यावर उन्हाची तक्रार संपली.

जेट्टीपासून सुरुवातीला अरुंद नाळ आहे, दोन्हीकडे तिवरांची दाटी. मुळांची टोकं गाळातून बोटांसारखी वर आलेली, त्यांच्यामध्ये निवट्या, चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. आणि फांद्यांवर प्लास्टिक. पिशव्या, चिंध्या, दुधाची पाकिटं, सगळं एकाच उंचीवर, दोरी धरून आखल्यासारखं. कालच्या उधाणाचं पाणी कुठवर चढलं होतं ते त्या रेषेवरून कळत होतं. २०१५ साली अभयारण्य झालेली, २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेली ही १६९० हेक्टर जागा. अर्ध्याहून अधिक कांदळवन. तिच्या अंगावर आपल्या घरातल्या पिशव्या लटकलेल्या बघवत नव्हत्या.

मोठ्या खाडीत आल्यावर तांडेलाने, होडी चालवणाऱ्याने, इंजिन बंद केलं.

आधी आवाज आला. पाणकोंबड्यांचा नव्हे, बदकांचाही नव्हे. लग्नघरात मागच्या खोलीत बायका बोलत असाव्यात तसा अखंड, दबका कलकलाट. मग दिसले. मुलुंडच्या अंगाला गाळाच्या कडेने गुलाबी पट्टाच पसरलेला. बहुतेक धाकटे रोहित, म्हणजे लहान जातीचे फ्लेमिंगो, मध्येच एखादा उंच, फिकट मोठा. सगळ्यांच्या माना खाली, चोच उलटी करून गाळातलं सूक्ष्म शेवाळ गाळून घेणं चाललेलं. त्याच शेवाळातून पिसांना रंग येतो. कुणी वर बघत नव्हतं.

“अजून जवळ घ्या ना,” मागून कुणीतरी म्हणालं.

“नाही साहेब. पाणी चढलं की यांचं जेवण बंद. आत्ता खाऊ द्या.”

तांडेलाचं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्या माणसाने जोरात टाळ्या वाजवल्या. एकदा, दोनदा. थवा उठला. पंखांखालचा गडद लाल आणि काळा रंग एकदम उघडला, होडीत ‘वा!’ झालं, आणि माझाही कॅमेरा वर गेला. मी फोटो काढले. सात-आठ. त्यातला एक फार सुंदर आला आहे, आणि तो मी कुणाला दाखवू शकलेले नाही.

तांडेल काही बोलला नाही. त्याने फक्त घड्याळ पाहिलं.

थवा दूर, ऐरोलीच्या पुलाच्या बाजूला उतरला. तिथे सगळे माना ताठ करून उभे होते. आमची होडी वळेपर्यंत मी दुर्बिणीतून बघत राहिले. एकाचीही चोच गाळात गेली नव्हती.