यंदाचा आश्विन, आईंशिवाय

पाऊस परतला की आई कपाटं उघडायच्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. ज्येष्ठाच्या सुरुवातीलाच त्या गेल्या, आणि भाद्रपद-आश्विनातली त्यांची सगळी कामं यंदा पहिल्यांदा आमच्याकडे आली. कुठलं काम कुणी उचलायचं, हे कुणी ठरवलं नाही. ज्याच्या समोर जे आलं ते त्यानं केलं.

पितृपंधरवडा मात्र रिकामाच गेला. वर्षश्राद्ध होईपर्यंत पक्ष घालायचा नाही, असं गुरुजींनी सांगितलं. एरवी त्या दिवसांत घरात नुसती धांदल. अळू, गवार, कारली, भोपळा, सगळ्यांचे भाव चढलेले. आमसुलाची चटणी, उडदाचे वडे, तांदळाची खीर, आणि पान वाढून झालं की गच्चीवर कावळ्याची वाट बघत उभं राहायचं. यंदा रोजचा वरण-भात-पोळी-भाजीचा स्वयंपाक अकराच्या आत उरकायचा आणि मग मी ओट्यापाशी उभीच राहायचे. आई गेल्यापासून मी रडले नव्हते असं नाही, पण त्या पंधरा दिवसांत जे भरून यायचं ते वेगळंच होतं. कावळा मात्र नेमानं खिडकीबाहेरच्या एसीच्या डब्यावर येऊन बसायचा. बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याला पोळीचा तुकडा टाकायचे. म्हणाले, "पक्ष नाही तर नाही. पोळीला कोण नाही म्हणतंय?"

घट बसवायचे की नाही यावर जावेशी बरीच फोनाफोनी झाली. शेवटी कुलाचार मोडायचा नाही असं ठरलं. स्टेशनबाहेरच्या फुलवाल्याकडून पत्रावळ, माती, सात धान्यांची पुडी आणली. आई माळ बदलताना ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून मातीवर सोडायच्या, तांब्यानं कधी ओतायच्या नाहीत, नाहीतर खालचं धान कुजतं. ते एवढं मी पाठ केलं होतं. धान छान वर आलं, पिवळट हिरवं, दाट. दसऱ्याला बाबांच्या टोपीत त्यातला तुरा खोचला तेव्हा मला खूप बरं वाटलं.

नवरात्रात गुरुवारी पिवळा रंग होता. वार आला की रंग ठरतो, त्याला शास्त्र वगैरे काही नाही हे मला माहीत आहे. तरी मला ही पद्धत मनापासून आवडते. सकाळच्या लोकलचा लेडीज डबा एका रंगाचा झालेला असतो, एरवी सीटवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या बायका एकमेकींच्या पदराला हात लावून "कुठून घेतलीस गं?" विचारत असतात. माझ्या लेकीकडे पिवळं काही नव्हतं. बुधवारी रात्री ती म्हणाली, "आजीची नारायणपेठ नेसू?"

म्हणून यंदा आईंचं कपाट पाऊस जायच्या आधीच उघडलं. आत कोंदट वास होता. आई डांबरगोळ्या ठेवू द्यायच्या नाहीत. जरीला लागल्या की जर काळी पडते, म्हणायच्या. त्या वाळलेला कडुनिंब आणि लवंगा मलमलीच्या पुरचुंडीत बांधून प्रत्येक खणात ठेवायच्या. पुरचुंड्या होत्या, पण त्यांचा वास गेला होता. नारायणपेठ हाताला गार लागली.

सकाळी लेक ती नेसून बाहेर आली. बाबा पेपर वाचत होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बघितलं आणि एकदम म्हणाले, "ही बोनसची!" बाबा बेस्टमध्ये होते. एका दिवाळीला बोनस हातात पडल्यावर ते आईंना घेऊन दादरला गेले. आईंनी दुकानात ढीगभर साड्या उलगडायला लावल्या आणि शेवटी दुकानदारानं सगळ्यात आधी दाखवलेलीच घेतली. बाहेर आल्यावर म्हणे, "बाकीच्या बघितल्या नसत्या तर हीच चांगली हे कसं कळलं असतं?" हे सांगताना बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई गेल्यानंतर ते असे हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. लेकीची नेहमीची गाडी चुकली, पण ती पूर्ण गोष्ट ऐकूनच निघाली.

मग आली कोजागरी. त्या पौर्णिमेला घरातल्या पहिल्या अपत्याला आईनं ओवाळायचं, त्याला आमच्याकडे आश्विनी म्हणतात. माझा नवरा थोरला, त्यामुळे दर वर्षी आमच्याकडे दोन पाट मांडले जायचे. एकावर तो, दुसऱ्यावर आमची लेक. त्याला आई ओवाळायच्या, तिला मी. पन्नाशी उलटलेला, मिशा पिकलेला माणूस पाटावर मांडी घालून बसायचा आणि आई त्याच्या डोक्यावर अक्षता टाकून काहीतरी पुटपुटायच्या. अंगावर काहीतरी नवं हवं म्हणून निदान एक रुमाल तरी घ्यायच्याच.

यंदा तो सकाळीच म्हणाला, "माझं राहू दे. तिचं कर." एवढंच बोलून आंघोळीला गेला. बाबांनी ऐकलं होतं. त्यांनी डोंबिवलीला आत्यांना फोन लावला. दुपारी उन्हाचा कडाका होता, तरी आत्या स्लो लोकलनं मुलुंडला उतरून आल्या. पिशवीत नारळ आणि घडी घातलेला पांढरा रुमाल.

संध्याकाळी पाट मांडले, भोवती रांगोळी काढली, आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारातून पुढे येईनात. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "तूच ओवाळ गं. मी कशी ओवाळू?" काका जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. तेव्हापासून त्या कुठल्याही हळदीकुंकवाला, बारशाला, मुंजीला मागेच उभ्या असतात. कुणी सांगत नाही, त्या स्वतःच मागे राहतात. मला ते कधीच सहन झालेलं नाही.

माझ्या लेकीनं त्यांना हेरवाडचं सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावच्या ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही, तिला धार्मिक कार्यातून वगळायचं नाही. पुढे सरकारनंही बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. आत्या लक्ष देऊन ऐकत होत्या. तेवढ्यात बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "त्याला अंगाखांद्यावर कुणी खेळवला? चल, ताम्हन घे."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काडेपेटी दे."

निरांजन त्यांनीच लावलं. ताम्हनात अंगठी हवी, त्यांच्या बोटातली संधिवातामुळे निघेना, म्हणून मी माझी काढून दिली. त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी त्याच्या चेहऱ्याभोवती फिरवली, मग निरांजन. हात थरथरत होता, ज्योत हलत होती. आमचा गृहस्थ रडत होता आणि आत्या त्याला नव्या रुमालानं डोळे पुसायला लावत होत्या. शेजारच्या पाटावर लेक खोळंबली होती. "आई, माझी पण आहे आश्विनी," म्हणाली तेव्हा मी भानावर आले. मग जायफळ, वेलची, चारोळी घातलेलं दूध तापवलं आणि गच्चीत न जाता गॅलरीतच प्यायलो. चंद्र ढगांतून येत-जात होता. आत्या त्या रात्री राहिल्या. आता पुढच्या वर्षी फोन करायची गरज नाही, त्यांनी स्वतःच सांगितलंय की कोजागरी त्यांची.

त्यानंतर खरं ऊन सुरू झालं. यंदा, २०२५ मध्ये, मुंबईत पाऊस २६ मेलाच आला होता. नेहमीची तारीख ११ जून. आणि परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. चार महिन्यांच्या वर ओल. गाद्यांना वास, चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी, मीठ-साखरेला पाणी सुटलेलं. ऑक्टोबरात वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो, समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत आत शिरत नाही, त्यामुळे सगळ्या शहराला उकडतं. आमच्या मुलुंड पूर्वेला तर समुद्र लांब. मिठागरांवरून येतो तो वाराही तापलेला. सगळे वैतागतात. आई मात्र या उन्हाची वाट बघायच्या.

मी एक रविवार काढला. रेशमी साड्यांना थेट ऊन दाखवायचं नाही, रंग उडतो. गॅलरीत आतल्या बाजूला दोरी बांधायची, तिच्यावर जुनं धोतर टाकायचं आणि त्यावर साडी, म्हणजे दोरीचा वळ पडत नाही. आईंच्या लग्नातला शालू मी पूर्ण उलगडून कधीच पाहिला नव्हता. पदराच्या मागच्या बाजूला जरीचे मोकळे धागे अंगठीत, बांगडीत अडकतात म्हणून त्यांनी तिथे जाळी लावलेली होती, हातानं, इतका बारीक धावदोरा की टाके शोधावे लागत होते. जाळी एका कोपऱ्यात विरली होती, तिथे निराळ्या, थोड्या गडद धाग्यानं पुन्हा टाके घातलेले होते. तेही त्यांचेच, पण वाकडेतिकडे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीचे असणार. तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही, मला ओवून द्यायला सांगायच्या. "कशाला हवाय?" असं मी कधी विचारलं नव्हतं.

परत ठेवताना घडी बदलायची. जुन्याच घडीवर साडी वर्षानुवर्षं राहिली की रेशीम तिथेच फाटतं. लेकीला हे शिकवलं. एका टोकाला ती, एका टोकाला मी, मध्ये सहा वार शालू, आणि बाबा खुर्चीवरून "जमिनीला टेकतोय, टेकतोय" करत होते.

आता दिवाळी. मयत झालेल्या घरात वर्षभर तळण करत नाहीत. कढई चढवायची नाही, फराळ करायचा नाही. तो इतरांनी आणून द्यायचा. लहानपणी मला ही रीत कठोर वाटायची. आता मला वाटतं, ज्यांनी कुणी ही सुरू केली त्यांना दुःखातलं घर नीट कळत होतं. त्या घरातल्या बाईला चकल्यांच्या घाण्यापुढे उभं करायचं नाही, आणि त्या घरातल्या पोरांना दिवाळीत उपाशीही ठेवायचं नाही. हल्ली ऐकते, लोक सांगतात, "विकतचा मागवा की, कोण कुणासाठी करत बसतंय?" विकतच्या फराळाबद्दल माझी तक्रार नाही, नोकरी करणाऱ्या बायकांना त्याचा मोठा आधार आहे. पण ज्यांच्या घरी कुणी गेलंय त्यांच्याकडे आपला डबा घेऊन स्वतः जावं. दहा मिनिटं बसावं. ही रीत कृपा करून कुणी मोडू नका.

आमच्याकडे वसुबारसेपासूनच डबे यायला लागले. माझ्या माहेराहून चकल्या आणि चिवडा. समोरच्या वहिनींकडून करंज्या, वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींकडून मुरुक्कू. जाऊ बिचारी माझ्यासारखीच दुःखातल्या घरची, तिच्याकडचे आणि आमच्याकडचे डबे आम्ही अर्धे अर्धे वाटून घेतले.

अनारसे मात्र आईंचे. ते कुणाकडूनच येणार नव्हते. ते करायचं माझ्या नणंदेनं मनावर घेतलं; ती ठाण्याला असते, लेक सासरची, तिच्याकडे तळणाची आडकाठी नाही. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पंचावर सुकवले, ओलसर असतानाच दळून चाळले, गूळ घालून पीठ मुरत ठेवलं. धनत्रयोदशीच्या दुपारी तिचा व्हिडिओ कॉल. कॅमेरा कढईवर, आवाज रडकुंडीला आलेला: "वहिनी, हसतोय गं!" पहिला अनारसा तुपात पडल्या पडल्या विरघळून सगळीकडे पसरला होता.

"थांब," मी म्हटलं, "सगळी पिठी वापरलीस का गुळात?" नव्हती. वाटीभर बाजूला ठेवली होती, आईंनी तिला तेवढं बजावून ठेवलं होतं. "त्यातली थोडी मळ, आणि गॅस बारीक कर. खसखशीची बाजू वर. उलटू नकोस, झाऱ्यानं वरून तूप उडव." दुसरा थोडा हसला. तिसरा टिकला. त्याला जाळी पडायला लागली तशी ती एकदम गप्प झाली, मी पण. मागून तिचा मुलगा विचारत होता, "झाला? खाऊ?" बाबा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये वाकून सांगत होते, "तुपातून काढून चाळणीत उभे ठेव, आडवे नको!" हे बाबांना माहीत असेल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

भाऊबीजेला ती डबा घेऊन आली. सोबत अर्धं पीठही आणलं. अनारशाचं पीठ टिकतं, बरणीत घट्ट दाबून मी फ्रीजमध्ये ठेवलंय. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतोय, तोवर आईंचं वर्ष सरेल, आणि अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. तो घाणा आमच्या घरी निघणार. नणंदेला सांगून ठेवलंय: त्या दिवशी कढईपाशी मी, आणि फोनवर राहायचं तू.