तुतारी, ट्रेमोलो आणि चारशे फटके

सातारा लोकसभेला २०२४ मध्ये शरद पवार गटाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. त्याच निवडणुकीत 'ट्रम्पेट' हे मुक्त चिन्ह, म्हणजे कुठल्याच पक्षाचं नसलेलं चिन्ह, मिळालेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. शरद पवार गटाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि मुक्त चिन्हांच्या मराठी यादीत ट्रम्पेटपुढे छापलं होतं 'तुतारी'. लोकांनी नंतर तिला पिपाणी म्हणून वेगळं काढलं, पण तोवर मतदान उरकलं होतं.

ती सगळी मतं चुकूनच पडली, असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. अपक्षांना हक्काची चार मतं असतातच. तरी दिंडोरीतही ट्रम्पेटला लाखावर मतं गेली. तिथे तर अपक्षाचं आडनावही पवार गटाच्या उमेदवाराचंच होतं. तो उमेदवार निवडून आला म्हणून गवगवा कमी झाला, एवढंच.

वाद्यं म्हणून दोन्हींत काडीचं साम्य नाही. आपली तुतारी वळणदार, धातूच्या नळीची. तिला कळा नाहीत, सूर बदलतो तो ओठांच्या दाबाने आणि फुंकीने. बँडवाल्यांच्या ट्रम्पेटला तीन कळा असतात, म्हणून त्यावर अख्खं गाणं वाजतं. मिरजेत सतारमेकर गल्ली आणि सांगलीत नाट्यपंढरी असलेल्या या पट्ट्यात हा फरक कुणाला समजावून सांगावा लागू नये. पण मतदाराच्या हाती वाद्य नव्हतं, होता फक्त शब्द. प्रचारात 'तुतारीपुढचं बटण दाबा' एवढंच कानावर पडलं. यंत्रावर चिन्हाचं नाव नसतं, नुसतं चित्र असतं. चित्रात माणूस आहे की नाही, हे बघायचंय हे कुणी सांगितलंच नाही.

साताऱ्यासोबत ७ मेलाच मतदान झालेल्या सांगलीत एका अपक्षाचा लिफाफा लाखावर मतांनी निवडून आला. अर्ज मागे घ्यायची मुदत २२ एप्रिलची, म्हणजे चिन्ह घरोघर पोचवायला जेमतेम पंधरा दिवस. विजयाची कारणं राजकीय होती हे खरंच. पण लिफाफा म्हटलं की लिफाफाच डोळ्यांपुढे येतो, ही सोयही छोटी नव्हे.

रॉक संगीतातही नाव एक आणि वस्तू दुसरी, असा पाट्यांचा घोळ जुनाच आहे, आणि त्यातही पितळी वाद्यं आहेतच. गिटारचा खरखरीत, फाटका आवाज देणारा फझचा पहिला गाजलेला पेडल (पायाने दाबायची पेटी), मेस्ट्रो कंपनीचा फझ-टोन, १९६२ मध्ये बाजारात आला. जाहिरात काय, तर गिटारमधून ब्रास आणि रीड वाद्यांचे आवाज काढा! तसा तो कुणालाच फारसा नको होता. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन' गाण्याची सुरावट त्यावर वाजवली, तीही पुढे तिथे ब्रास वाद्यं घालायची म्हणून, खुणेपुरती. रेकॉर्ड तशीच बाहेर आली आणि पेडल दुकानांतून संपले. नकली ब्रास म्हणून जे पडून होतं, ते फझ म्हणून खपलं.

दुसरा घोळ फेंडर या गिटार कंपनीचा. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर जी दांडी आहे तिला कंपनी 'ट्रेमोलो' म्हणते. ट्रेमोलो म्हणजे आवाजाचं लहान-मोठं होणं. दांडीने बदलतो तो सूर, म्हणजे ते व्हायब्रेटो. आणि फेंडरच्याच अँपवर, म्हणजे अँप्लिफायरवर, ज्या बटणाखाली 'व्हायब्रेटो' लिहिलंय, ते बहुतेक मॉडेलांत फक्त आवाज कमी-जास्त करतं. सत्तर वर्षं झाली, पाट्या तशाच आहेत.

दांडी असलेली गिटार हाती आली की नाव सोडा आणि यंत्रणा बघा. मागचं झाकण काढलं की पोलादी ठोकळा आणि स्प्रिंगा दिसतात. जागा पाच स्प्रिंगांची, पण नऊच्या किंवा दहाच्या (सर्वात बारीक तार इंचाचा नऊ किंवा दहा हजारांश जाड) तारांना साधारण तीन पुरतात. एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा. ब्रिज, म्हणजे तारा जिथे टेकतात तो खालचा भाग, तरंगता ठेवला असेल आणि एक तार तुटली, तर उरलेल्या पाचही सूर सोडून वर चढतात. म्हणूनच एक तार लावताना बाकीच्या बिघडतात. सगळ्या तारा दोन-तीन फेऱ्या पुन्हापुन्हा मिळवाव्या लागतात, त्याला इलाज नाही. दांडी दाबून सोडल्यावर सूर जागेवर येत नसेल तर लोक खुंट्यांना दोष देतात. बहुतेक वेळा तार अडकते ती नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा, नवी तार हाताने ओढून ताणून घ्या, खुंटीवर दोन-तीनच वेढे ठेवा. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात. मिरजेच्या कारागिरांनी 'मींड' या शब्दात असा घोळ कधी होऊ दिला नाही. सतारीवर तार आडवी ओढून सूर नेला की ती मींड.

फ्रेंच सिनेमात तर पाटीच बरेचदा चुकलेली. दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोच्या १९५९ च्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचं इंग्रजी नाव शब्दाला शब्द ठेवून 'चारशे फटके' असं झालं, आणि लोक फटके कुठे आहेत ते शोधत बसतात. फ्रेंचमध्ये तो वाक्प्रचार आहे, अर्थ उच्छाद मांडणे, नाही नाही ते उद्योग करणे. मराठीत मी सरळ 'उच्छाद' म्हणेन. उलट त्रुफोच्याच १९७३ च्या चित्रपटाचं फ्रेंच नाव आहे 'अमेरिकन रात्र', म्हणजे भर दिवसा रात्र चित्रित करण्याची युक्ती. तिथे इंग्रजीने शब्दाला शब्द न लावता त्या युक्तीचं आपलंच नाव, 'डे फॉर नाइट', घातलं. भाषांतर असं करावं.

ती युक्ती कशी चालते तेही सांगायला हवं, कारण जुन्या चित्रपटांतली रात्र खोटी का वाटते ते त्याने कळतं. चित्रण साधारण दोन स्टॉप, म्हणजे चौथ्या हिश्श्याइतक्या, कमी प्रकाशात करायचं. रंगीत फिल्म दिव्याच्या प्रकाशासाठीची असेल तर उन्हासाठीचा नारिंगी फिल्टर काढून ठेवायचा, म्हणजे चित्र निळसर येतं. कृष्णधवलमध्ये लाल फिल्टर लावला की आकाश काळवंडतं. ऊन पात्रांच्या मागे ठेवायचं. फसतं कुठे? आकाश चौकटीत आलं की फसतं. खिडकीत दिवा लावला तरी उजळत नाही, आणि जमिनीवर सावल्या दुपारच्या पडतात. 

त्रुफोच्या पिढीच्या सिनेमाला म्हणतात ते 'नूव्हेल व्हाग' (नवी लाट) हे नावही मुळात सिनेमाचं नव्हे. १९५७ मध्ये 'लेक्सप्रेस' साप्ताहिकाने फ्रान्सच्या तरुण पिढीची पाहणी केली, तिला हे नाव दिलं होतं. सिनेमाला ते नंतर चिकटलं. त्याहून मजेशीर प्रकार 'पोलितिक देझोतर'चा, म्हणजे दिग्दर्शकालाच चित्रपटाचा कर्ता मानण्याच्या धोरणाचा. त्रुफोने १९५५ मध्ये 'काय्ये' या सिनेमाच्या मासिकात तो शब्द मिरवला तो जाक बेकरच्या अलीबाबावरच्या चित्रपटाची कड घेताना. पोलितिक म्हणजे धोरण, बाजू घेणं. चित्रपट पडेल असला तरी दिग्दर्शक आपला, म्हणून पाठीशी उभं राहायचं. १९६२ मध्ये समीक्षक अँड्रू सॅरिसने अमेरिकेत त्याची 'थिअरी' केली आणि धोरण सिद्धांत म्हणून खपू लागलं. 'माणूस आपला आहे, बाकी नंतर बघू' हे सातारा-सांगलीत कुणाला शिकवावं लागत नाही. फ्रेंचांनी निदान त्याला खरं नाव दिलं होतं.

परत यंत्राकडे. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिच्यावर क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. महापालिकेला ती सोय नाही. सांगली-मिरज-कुपवाडच्या ७८ जागा आहेत, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. म्हणजे अ, ब, क, ड अशा चार गटांत चार वेगळी बटणं. एकाच पक्षाचं चिन्ह चारही गटांत एकाच ओळीत असेल असं समजू नका. नावांचा क्रम प्रत्येक गटात वेगळा लागतो. मतदानाआधी नमुना मतपत्रिका मिळाली तर चारही गटांतली चित्रं आणि त्यांचे अनुक्रमांक कागदावर उतरवून घरातल्यांना दाखवा, आणि चिन्हाचं नाव तोंडी सांगून थांबू नका.