लाइन आली, पण अपाचे उठला नाही

काट्यापुढे कापसाच्या गाड्या उभ्या आणि ऑफिसातून आवाज येतो, "पावती निघून नाही राहिली, सर्वर बंद हाये." यवतमाळ-वर्ध्याकडच्या जिनिंगमध्ये, शाळेच्या संगणक खोलीत, एखाद्या कृषी केंद्रात कोपऱ्यात अशी मशीन असते: जुना डेस्कटॉप, २ जीबी रॅम, उबुंटू (लिनक्स), वर अपाचे, म्हणजे ब्राउझरला पानं देणारा वेब सर्वर, आणि ती पानं बनवणारी पीएचपी. बंद पडली की जो तो आधी कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल उघडतो. काल चालत असलेली कॉन्फिग रात्रीतून आपोआप बिघडत नाही. रात्रीतून लाइन गेलेली असते.

म्हणून आधी ब्राउझर नेमकं काय दाखवतो ते विचारा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे मशीन जिवंत आहे, पण पोर्टवर, म्हणजे सर्वरच्या ठरलेल्या दारावर (वेबसाठी ८० नंबर), ऐकणारं कुणी नाही. 'टाइम्ड आउट' किंवा 'अनरीचेबल' असेल तर अपाचेला हातही लावू नका. वायर, स्विच नाहीतर आयपी बघा. लाइन गेल्यावर राउटर नव्याने सुरू होतो आणि सर्वरला १९२.१६८.१.७ ऐवजी १९२.१६८.१.११ देऊन मोकळा होतो. राउटरमध्ये सर्वरच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाचा न बदलणारा नंबर) आयपी कायमचा बांधून टाका, हा त्रास संपतो. आणि ४०३, ५०० असा आकडा दिसत असेल तर अपाचे चालू आहे, तक्रार आतली आहे.

रिफ्यूज्ड असेल तर 'सुडो अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट' चालवा. (कमांड टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं.) 'सिंटॅक्स ओके' आलं की कॉन्फिगची शंका मिटली. सोबत एएच००५५८ ही ओळ दिसते (अपाचे आपल्या प्रत्येक संदेशाला असा एएच नंबर देतो), सर्वरचं पूर्ण नाव ठरवता आलं नाही म्हणणारी. ती निरुपद्रवी आहे. तिच्यामागे लागून लोक अर्धा दिवस घालवतात. खरी ओळ अपाचे सुरू करताना येते, एएच०००७२ची: पत्ता आधीच वापरात. तेव्हा ब्राउझरात रिफ्यूज्डऐवजी भलतंच पानही दिसू शकतं. 'सुडो एसएस -एलटीएनपी' दिल्यावर ८० नंबरवर कोण बसलंय ते दिसतं, बहुतेकदा कुणीतरी टाकून विसरलेला एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्वर. तो थांबवा आणि डिसेबलही करा, नाहीतर पुढच्या लाइनीला तोच आधी उठेल.

आता लाइनीची खरी करामत. झटक्याने बंद पडलेल्या डिस्कवर ईएक्सटी४ ला (उबुंटूची फाइली मांडून ठेवायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टम) चूक सापडली की उबुंटू मूळ फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती ठेवतो. अपाचेला लॉग, म्हणजे आपली नोंदवही, लिहिता येत नाही, मग तो एएच०००९१ देऊन सुरूच होत नाही. 'फाइंडमाउंट /' मध्ये 'आरडब्ल्यू' (वाचा-लिहा) ऐवजी 'आरओ' (फक्त वाचा) दिसलं की समजा. अशा वेळी आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग रिकव्हरी मोडमधून एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी-दुरुस्ती. उलट क्रमाने केलं आणि डिस्कच मरायला टेकलेली असली, तर तपासणीतच ती शेवटचा श्वास घेते. आणि पावतीवर भलतीच जुनी तारीख येत असेल तर दोष पीएचपीचा नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

डिस्क भरण्याचा प्रकार वेगळा. 'डीएफ -एच' डिस्क १०० टक्के भरलेली दाखवतो, माणूस काही जीबीची ॲक्सेस लॉग (साइट कुणी कधी उघडली त्याची नोंद) 'आरएम' ने उडवतो, आणि जागा तेवढीच! कारण अपाचेने ती फाइल उघडी धरलेली असते. नाव गेलं, मजकूर डिस्कवरच. अपाचे रिस्टार्ट केला की जागा सुटते. पुढच्या वेळी उडवू नका, 'सुडो ट्रंकेट -एस ०' ने रिकामी करा.

४०३, म्हणजे 'परवानगी नाही', याचे दोन चेहरे आहेत आणि एरर लॉग ते वेगवेगळे सांगतो. एएच०१६३० असेल तर कॉन्फिगनेच नाही म्हटलंय: त्या डिरेक्टरीच्या ब्लॉकमध्ये 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' हवं. एएच०००३५ असेल तर वाटेतल्या एखाद्या फोल्डरातून जायची परवानगी नाही. साइट घरच्या फोल्डरात ठेवली की हमखास हेच, कारण उबुंटू २१.०४ पासून नवीन घरफोल्डर ७५० परवानगीने (इतरांना पूर्ण बंद) बनतं आणि अपाचे ज्या नावाने चालतो तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' यूजर बाहेरच अडतो. 'नेमआय -एल' ला पूर्ण पाथ द्या, कुठल्या पायरीवर अडलं ते दिसतं. साइट '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' मध्ये हलवा, फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४. सगळ्याला ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) देणं म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवणं.

५०० (सर्वरच्या आतली चूक) आणि लॉगमध्ये 'रीराइटइंजिन' ओळखत नाही असं असेल तर पत्ते बदलणारं रीराइट मॉड्यूल बंद आहे: 'सुडो ए२एनमॉड रीराइट', मग रिस्टार्ट. झालं.

हंगामात 'सुरू आहे पण सरकत नाही' ही तक्रार येते. पीएचपी अपाचेच्या आतच (मॉड-पीएचपीने) चालत असेल तर प्रीफोर्क असतो, म्हणजे प्रत्येक मागणीला वेगळी प्रोसेस, आणि उबुंटूत त्याची 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स', म्हणजे एका वेळच्या प्रोसेसची मर्यादा, १५० असते. एक प्रोसेस ४० एमबी धरली तर १५० ला ६ जीबी लागतील, आपल्याकडे २. मशीन स्वॅपवर (रॅम संपल्यावर डिस्कच रॅमसारखी वापरणं) जाते आणि डिस्क घरघरत बसते. डेटाबेस आणि सिस्टमला ७०० एमबी सोडा, उरलेल्या १३०० ला ४० ने भागा: ३० ठेवा. एकतिसावा थोडा थांबेल, पण तिसांचं काम वेळेत होईल. आपल्या प्रोसेसचा आकार 'टॉप' मध्ये आरईएस खाली बघून घ्या, ४० सगळीकडे असेलच असं नाही.

घरून मोबाइलवर साइट उघडत नसेल, तर राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेकांत वाटलाय. पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरवर आलेली मागणी सर्वरकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरचं कुणी आत येणार नाही. वेगळा पब्लिक आयपी मागा, नाहीतर बाहेरच्या छोट्या सर्वरवरून व्हीपीएनने जोडा.