एक वाद म्हणजे नेमका किती?

वादनिवारण किंवा कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायला परदेशात येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मध्यस्थीचं टेबल असतं. दोन पक्ष, मधे आपण, शेवटी सह्या झालेला कागद. इकडे आल्यावर गाठ पडते ती 'रिसर्च मेथड्स'शी, म्हणजे माहिती कशी गोळा करायची आणि मोजायची या विषयाशी. रुक्ष विषय, पास होण्यापुरता करू, म्हणून तो बाजूला पडतो आणि पुढे डिसर्टेशन हटकून तिथंच अडकतं. गाड्या मोजता येतात, पेशंट मोजता येतात. वाद मोजायला घेतला, की तो कुठे सुरू झाला, कुठे संपला आणि त्यात कोण कोण होतं, हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं.

या विषयाच्या वर्गात एक जुना अमेरिकन अभ्यास भेटतोच. १९८०च्या सुमारास तिथे घरोघरी फोन करून लोकांना विचारलं गेलं, की हजार डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेची काही तक्रार तुमच्या वाट्याला आली का आणि तिचं पुढे काय झालं. रिचर्ड मिलर आणि ऑस्टिन सॅरॅट या अभ्यासकांनी मांडलेला हिशेब असा: दर १००० तक्रारींमागे ७१८ मध्ये लोकांनी समोरच्याकडे भरपाई मागितली. ४४९ मध्ये ती पूर्ण मान्य झाली नाही, म्हणजे वाद उभा राहिला. वकिलापर्यंत १०३ पोचल्या आणि कोर्टात ५०.

आता प्रबंधाचा विषय घ्या, 'लोक वाद कसे सोडवतात'. माहिती कुठून आणणार? कोर्टाच्या फायलींतून, कारण त्या हाताशी असतात. म्हणजे हजारातले ते ५० पाहून उरलेल्या ९५०बद्दल बोलायचं. शिवाय हे ५० चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. मोठ्या रकमेचे, जास्त चिडलेले किंवा वकील परवडणारे लोक त्यांत जास्त असणार. फायली वापरू नका असं कुणी म्हणत नाही, फक्त शीर्षक बदला: 'कोर्टापर्यंत गेलेले लोक वाद कसे सोडवतात'. हा एक शब्दसमूह वाढवला, की परीक्षकांचे अर्धे प्रश्न गळून पडतात.

तक्रारींपासून कोर्टापर्यंत निमुळत्या होत जाणाऱ्या या आकड्यांच्या पिरॅमिडच्या तळाखाली आणखी एक मजला आहे. आपल्यावर अन्याय झालाय हे जाणवणं, त्याबद्दल कुणाकडे तरी बोट दाखवणं आणि मग मागणी करणं, अशा पायऱ्या फेल्स्टिनर, एबल आणि सॅरॅट या अभ्यासकांनी मांडल्या. पहिली पायरीच न चढलेला माणूस कुठल्याच पाहणीत 'हो' म्हणत नाही.

मराठीत मुलाखती घेणाऱ्यांना हे लगेच कळतं. प्रश्नावलीत विचारलं, 'गेल्या वर्षभरात तुमचा कुणाशी वाद झाला का?' उत्तर, 'नाही.' दहा मिनिटांनी तोच माणूस म्हणतो, 'भावाशी भांडण वगैरे काही नाही हो, फक्त तीन वर्षं बोलणं बंद आहे.' वाद, भांडण, तंटा, कुरबुर, धुसफूस, अबोला ही आपल्याकडे वेगवेगळी दुखणी आहेत. सुपरवायझरने मंजूर केलेल्या इंग्रजी प्रश्नावलीत त्या सगळ्यांसाठी एकच शब्द असतो. उपाय असा, की नाव विचारू नका, घडलेलं विचारा. गेल्या बारा महिन्यांत कुणाशी बोलणं थांबवलंत का? हक्काचं काही मागितलं आणि मिळालं नाही, असं झालं का? कुणा तिसऱ्याला मधे घ्यावं लागलं का? हे प्रश्न आधी पाच-सात जणांवर चालवून बघा आणि प्रत्येकाला विचारा, 'या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला काय लागला?' एक दुपार जाते, पण नंतरचे महिने वाचतात.

वाद कशाला धरायचं हे आधी ठरवणं युद्धाच्या अभ्यासकांनाही चुकलेलं नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या माहितीसंचात एका वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर तो सशस्त्र संघर्ष धरतात, आणि १००० झाले तर युद्ध. दोन वेगवेगळे संच शेजारी ठेवण्याआधी त्यांचे उंबरठे बघा, नाहीतर एकात संघर्ष 'वाढलेला' आणि दुसऱ्यात 'नसलेला' दिसेल.

आता आकडेवारीतली सगळ्यात जास्त होणारी चूक. समजा, ४० मध्यस्थ्या झाल्या, दोन्ही पक्षांकडून समाधानाची प्रश्नावली भरून घेतली, ८० फॉर्म हातात आले. विद्यार्थी आनंदाने 'एन (म्हणजे नमुन्याची संख्या) बरोबर ८०' लिहितो. पण एकाच खोलीत बसलेल्या दोघांची उत्तरं एकमेकांपासून सुटी नसतात. बैठक बिघडली तर दोघंही वैतागतात. नमुन्याचं खरं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: गटातल्या माणसांच्या संख्येतून एक वजा करा, उत्तरांमधल्या साम्याच्या सहसंबंधाने (० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे तंतोतंत सारखी) गुणा, त्यात एक मिळवा आणि त्या आकड्याने नमुन्याला भागा. जोडीतला सहसंबंध ०.५ असेल तर भागायचं १.५ने, म्हणजे ८० फॉर्मांचं खरं वजन साधारण ५३. त्यात या ४० बैठका पाचच मध्यस्थांनी सारख्या वाटून घेतल्या असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला १६ फॉर्म येतात. मध्यस्थामुळे येणारा सहसंबंध नुसता ०.१ धरला तरी भागायचं २.५ने, उरतात ३२. म्हणून एक्सेलच्या पहिल्याच रकान्यात वादाचा क्रमांक, दुसऱ्यात मध्यस्थाचा आणि तिसऱ्यात पक्षकाराचा, अशी सवय पहिल्या फॉर्मपासून लावून घ्या. नंतर हे क्रमांक जुळवणं जवळजवळ अशक्य असतं, कारण फॉर्मवर नावं नसतात (आणि नसावीतच).

यशाच्या टक्केवारीचंही तसंच. १०० प्रकरणांना मध्यस्थीचं बोलावणं गेलं, ६० मध्ये लोक आले, ४५ मध्ये समझोता झाला. केंद्राच्या अहवालात ७५ टक्के दिसेल, बोलावलेल्यांच्या हिशेबाने ४५. दोन्ही आकडे खरे आहेत, पण मध्यस्थीची तुलना कोर्टाशी करायची असेल तर दुसराच वापरावा लागतो, कारण जे आले ते आधीच तडजोडीच्या मनःस्थितीत होते. शिवाय सही म्हणजे शेवट नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा फोन करून ठरल्याप्रमाणे पैसे मिळाले का, हे न विचारणारा अभ्यास आमच्या मते अर्धाच.

मुलाखतींचं वेळापत्रक बहुतेक जण कमी धरतात. तासाभराच्या रेकॉर्डिंगच्या शब्दांकनाला चार ते सहा तास लागतात, मराठीतून इंग्रजी करायचं असेल तर आणखी. भाषांतर सगळ्यात शेवटी करा. आधी मराठी मजकुरावरच कोडिंग करा, म्हणजे उताऱ्यांना त्यांतल्या मुद्द्यांच्या खुणा लावा, नाहीतर वरचा अबोला भाषांतरातच विरघळतो. किती मुलाखती पुरतात, याला '१२' असं ठोकून उत्तर दिलं जातं. हा आकडा २००६च्या एका अभ्यासातून आला. त्यात एकसारख्या गटातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखती होत्या आणि बाराव्याच्या आसपास नवे मुद्दे यायचे थांबले. तुमच्या वादात घरमालक, भाडेकरू आणि मध्यस्थ असे तीन गट असतील, तर बारा हा आकडा एका गटाचा आहे.

कोडिंग दोघांनी केलं आणि ९० टक्के जुळलं, म्हणून निर्धास्त होऊ नका. समजा, १०० उताऱ्यांत 'राग व्यक्त झाला का' हे पाहायचंय. दोघांनी ८५ ठिकाणी 'हो' म्हटलं, पाच ठिकाणी 'नाही', आणि उरलेले दहा मतभेद दोघांमध्ये समान वाटले गेले. दोघंही ९० टक्के वेळा 'हो' म्हणत असल्यामुळे उतारा न वाचता त्याच प्रमाणात शिक्के मारले असते, तरी ८२ टक्के जुळलं असतं. असं योगायोगाने जुळणं वजा करून खरी जुळणी सांगणारा आकडा, म्हणजे कोहेनचा 'कप्पा' (kappa), काढला तर येतो ०.४४, म्हणजे बेताचाच. अशा वेळी कोडबुकमधली, म्हणजे खुणांच्या यादीतली, व्याख्या तपासा. बहुधा 'राग' आणि 'नाराजी' एकाच डब्यात कोंबलेली सापडेल.

शेवटचा मुद्दा एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीचा. मंजुरीला कित्येक आठवडे लागतात आणि फॉर्म परत येण्याचं नेहमीचं कारण एकच: 'माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल' हे वाक्य. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पात २००१ ते २००६ दरम्यान उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती रेकॉर्ड झाल्या. तुम्ही हयात असेपर्यंत त्या उघड होणार नाहीत, असं बोलणाऱ्यांना वाटत होतं. २०११मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकेत समन्स निघालं आणि २०१३मध्ये काही टेप उत्तर आयर्लंडच्या पोलिसांकडे गेल्या. त्यामुळे संमतीपत्रात 'कायद्याने मुभा असेल तितपत' हे शब्द हवेतच, आणि ते मुलाखत देणाऱ्याला तोंडी समजावूनही सांगायला हवेत. घडलेल्या गुन्ह्याची कबुली कुणी बोलण्याच्या ओघात देऊन जातो. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवा, 'अजून उघड न झालेल्या गुन्ह्याबद्दल बोलू नका, बोललात तर मी रेकॉर्डर बंद करीन.' नावं आणि क्रमांकांची यादी रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, ती वेगळ्या जागी पासवर्ड लावून ठेवा. शब्दांकन तपासून झालं, की कमिटीने दिलेल्या मुदतीत ऑडिओ पुसून टाका. फोनच्या क्लाउड बॅकअपमध्ये त्याची दुसरी प्रत पडून असते, ती बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे मुलाखतीला फोन वापरायचाच असेल, तर बॅकअप आदल्या दिवशी बंद करा.