पहिला फोन वाजत नाही, दुसरा वाजतो

गेल्या पावसाळ्यात जवळजवळ तीन आठवडे आमच्या घरात एकच वाद चालू होता. आई ठाण्याला नौपाड्यात एकटी राहते, मी कोपरखैरण्याला, आणि दुपारी ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत तिला एक फोन करायचा हा माझा कित्येक वर्षांचा नेम आहे. तो फोन ती उचलेनाशी झाली. दहा मिनिटांनी पुन्हा लावला की लगेच उचलायची आणि वर मलाच विचारायची, "अगं, आज उशीर केलास?" आधी केला होता असे सांगितले की तिचे उत्तर ठरलेले असे: "वाजलाच नाही." दादाचा फोन मात्र तिला दर वेळी पहिल्या फटक्यात मिळत होता. हे त्याने मला दोनदा ऐकवल्यावर प्रकरण निव्वळ फोनचे राहिले नाही.

त्यातच गॅसवाला परत गेला. आमची इमारत जुनी, बिनलिफ्टची आणि आई तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे तो खालून आधी फोन करतो आणि घरात कोणी आहे याची खात्री झाल्यावरच सिलिंडर खांद्यावर घेतो. त्याने एकदा फोन केला, कोणी उचलला नाही, आणि तो निघून गेला. आई त्या वेळी फोनपासून दोन हातांवर बसून शेंगा सोलत होती.

पहिला उपाय मी फोनवरूनच सुचवला आणि तो चुकीचा होता. "बाजूचे बटण वरच्या बाजूला दाबून धर आणि आवाज पूर्ण वाढव," असे मी तिला सांगितले. अँड्रॉइडच्या 9 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, ते बटण नुसते दाबले की सहसा गाण्यांचा आणि व्हिडिओंचा आवाज बदलतो, रिंगचा बदलत नाही. फोनमध्ये आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात: रिंगची एक, गाण्यांची एक, गजराची एक, आणि बोलताना कानात येणाऱ्या आवाजाची आणखी एक. रिंगची पट्टी पाहायची तर बटण दाबल्यावर पडद्यावर जे चिन्ह उमटते त्याखालचे तीन ठिपके दाबावे लागतात, किंवा सरळ सेटिंगमध्ये जावे लागते. आईने सांगितल्याप्रमाणे बटण दाबले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचे अभंग इतक्या मोठ्याने लागले की शेजारच्या काकू दार वाजवून काही झाले का म्हणून विचारून गेल्या. रिंग होती तिथेच राहिली.

मग एका संध्याकाळी ती स्वतःच स्टेशनजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानातल्या मुलाने आपल्या फोनवरून तिच्या नंबरावर एक फोन लावला, तो वाजला नाही, आणि त्याने निदान केले: स्पीकर गेला, सातशे रुपये, उद्या मिळेल. आईला सातशे रुपयांपेक्षा फोन रात्रभर परक्याकडे ठेवण्याचे जड वाटले, म्हणून ती तशीच परत आली. हे मला कळले तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. साध्या फोनमध्ये रिंग, गाणी आणि गजर हे सगळे खालच्या कडेच्या एकाच स्पीकरमधून येतात. कानाला लावायचा तो स्पीकर वरचा आणि वेगळा. ज्या फोनवर पहाटेचे अभंग शेजारी ऐकू जातात आणि रात्री आठला गोळीचा गजर नीट होतो, त्याचा स्पीकर गेलेला असणे शक्य नाही. एखादे गाणे लावून पाहायला अर्धे मिनिट पुरते आणि निम्मे निदान तिथेच होते. ते त्या मुलाने केले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही केले नाही.

त्या शनिवारी मी कोपरखैरण्याहून ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला पोचले. साडेअकराच्या सुमारास आईसमोर बसून माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला, तर फोन खणखणीत वाजला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. डॉक्टरांच्या दारात गेले की दात दुखायचा थांबतो, त्यातलाच हा प्रकार. मी स्पीकरची जाळी कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडली, पाकिटासारखे जाड कव्हर काढून ठेवले, रिंगची पट्टी टोकापर्यंत नेली आणि विजयी मुद्रेने आमटी-भात जेवून साडेबाराची परतीची गाडी पकडली. घरी पोचल्यावर, पावणेदोनला, पोचल्याचे कळवायला फोन केला. तो वाजला नाही.

पुढच्या वेळी मी ठरवून रविवारी दुपारी गेले आणि फोनची दुरुस्ती बाजूला ठेवून आधी फोनमधली यादी वाचली. कोणाचा फोन आला, किती वाजता आला, उचलला की राहून गेला हे सगळे त्या यादीत मिनिटासकट असते. घरातल्या कोणाच्याही आठवणीपेक्षा ती विश्वासाची. आई पलंगावर मांडी घालून बसली होती आणि मी एकेक नोंद मोठ्याने वाचत होते. सकाळी नऊला कामाच्या बाई, उचलला. साडेदहाला दूधवाला, उचलला. बाराला माझी मावशी, उचलला. एकनंतर मात्र लाल बाणांची रांगच लागली होती: गॅसवाला लाल, मी लाल, बँकेतून कोणीतरी लाल, संध्याकाळी सातला तो दुकानातला मुलगा लाल. त्या लाल रांगेत दोनच अपवाद होते. दादाचे सगळे फोन उचललेले, आणि माझा दुसरा फोन पहिल्यानंतर दहाबारा मिनिटांच्या आत केलेला असेल तर उचललेला. ज्या दिवशी मी अर्ध्या तासाने पुन्हा लावला होता, त्या दिवशी दोन्ही लाल.

असे वेळापत्रक पाळून आणि माणूस पाहून बिघडणारे यंत्र नसते. हे कोणीतरी फोनला सांगितलेले होते. पडद्याच्या वरच्या पट्टीत एक बारीक वर्तुळ आणि त्यात आडवी रेघ दिसत होती. "हे काय आहे?" असे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, "ते रेंजचं असेल, दुपारी येतं." ते रेंजचे नव्हते. 'व्यत्यय आणू नका' ही सोय चालू असल्याची ती खूण होती.

या सोयीचे नियम कळले की आमचा सगळा वाद उलगडतो. ती चालू असताना फोन गप्प राहतो, पण गजर आणि गाणी सहसा वाजू दिली जातात. म्हणून अभंग आणि गोळीची वेळ शाबूत. संपर्क यादीत ज्यांच्या नावाला तारा लावलेला असतो त्यांचे फोन सहसा वाजतात. दादाने फोन घेऊन दिला तेव्हा त्याने स्वतःच्या नावाला स्वतःच तारा लावून ठेवला होता. आणि एकाच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला, तर काहीतरी तातडीचे असेल असे समजून तो वाजू दिला जातो. माझा दुसरा फोन लागायचा तो त्या नियमाच्या कृपेने. तीन आठवडे मी जो भेदभाव मनाला लावून घेतला होता, तो एका ताऱ्याचा होता.

ही सोय चालू कशी झाली, हेही लगेच निघाले. दुपारी जरा डोळा लागला की कर्ज हवे का, विमा हवा का असे विचारणारे फोन येतात अशी आईची तक्रार होती, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याने आजीच्या झोपेसाठी एक ते चार असे वेळापत्रक लावून दिले होते. सुरुवात दुपारी एकची बरोबर लावली. शेवटी मात्र चारपुढे पीएमऐवजी एएम राहिले. त्यामुळे आईची दुपारची झोप, फोनच्या हिशेबाने, रोज पहाटे चारपर्यंत चालत होती. भाच्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आत्या, आजीने तेव्हाच सांगायला हवं होतं ना." आजीला हे वेळापत्रक लावल्याचेच आठवत नव्हते, आणि आषाढ लागेपर्यंत गावाहून आलेली मंडळी घरातच असल्याने फोन न वाजल्याचे कोणाला जाणवलेही नव्हते.

फोन मुका होण्याची आणखी एक तऱ्हा मला याच शोधात माझ्या स्वतःच्या फोनवर सापडली. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत चालू-बंदचे बटण आणि आवाज वाढवण्याचे बटण एकाच वेळी दाबले की रिंग बंद होऊन नुसती थरथर उरते. मीटिंगमध्ये पटकन गप्प करण्यासाठी ही युक्ती दिलेली आहे, पण लोकलच्या गर्दीत पर्समधून फोन ओढून काढताना बोटे नेमकी त्याच दोन बटणांवर पडतात. माझा फोन महिन्यातून दोनदा असा आपोआप गप्प होत असे आणि मी दर वेळी पावसाळी हवेला दोष देत असे. सेटिंगमधून ती युक्ती बंद करता येते, मी केली. आयफोनवाल्यांना जुन्या फोनांच्या कडेचे छोटे सरकबटण पाहावे लागते आणि पडद्यावर चंद्रकोर दिसते का तेही पाहावे लागते. फोन खरोखर भिजला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो बंद करून हवेशीर जागी उभा ठेवावा, पण तांदळाच्या डब्यात पुरू नये, कारण तांदळाचे कण आत शिरतात.

वेळापत्रक काढून टाकायला आई तयार नव्हती. दुपारची शांतता तिला आवडली होती आणि कर्जवाल्यांपायी ती का सोडावी, हा तिचा प्रश्न मला पटला. म्हणून शेवटची वेळ दुपारी चार केली, माझ्या नावाला तारा लावला, आणि तिच्या सांगण्यावरून मावशी व कामाच्या बाई यांनाही. गॅसवाल्याची अडचण मात्र तशीच राहिली, कारण तो दर वेळी वेगळ्याच नंबरावरून बोलतो. सिलिंडर नोंदवला की येईपर्यंत ती सोय बंद ठेवायची, असे तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

अडीचच्या सुमारास मी निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून तिचा नंबर लावला, तर वरून उघड्या दारातून रिंग ऐकू आली आणि दोनदा वाजायच्या आत तिने फोन उचलला.

"पोचलीस का?" तिने विचारले.

"जिन्यातच आहे," मी म्हटले.


"मग वर ये, छत्री विसरलीयेस."