नेटशिवाय मूडल: आमच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातला अनुभव

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातल्या कॉलेजांचे वर्ग विरळ होत जातात. पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. जी मागं राहतात त्यांच्या वाड्या-तांड्यांवर बालाघाटाच्या डोंगरात रेंज कधी असते, कधी नसते. मी इथं बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे शिकवण्यात तंत्रज्ञान आणायचं ठरवलं तेव्हा माझी अट एकच होती: नेट नसतानाही ते चाललं पाहिजे.

केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्यातली व्याख्यानं मी स्वतः आवडीनं ऐकतो. पण बरेचसे अभ्यासक्रम इंग्रजीत आणि व्हिडिओ लांब. घरातला पहिलाच पदवीला आलेला मुलगा तिथं एकटा टिकत नाही. त्याला सोबत लागते.

शोधताना मूडलबॉक्स सापडलं. मूडल ही मोफत शिक्षणप्रणाली मार्टिन डूगियामस यांनी २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणली. तीच मूडलबॉक्समुळे रास्पबेरी पाय (पुढे नुसतं ‘पाय’) या तळहाताएवढ्या संगणकावर बसते आणि तो संगणक स्वतःचं वायफाय सोडतो. मोबाईल त्या वायफायला जोडायचा, ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, की धडे, चाचण्या, व्हिडिओ सगळं उघडतं. इंटरनेट लागत नाही.

बसवायला फार कौशल्य लागत नाही. मूडलबॉक्सची फाईल एकदा नेट असलेल्या ठिकाणी उतरवून घ्यायची, ती मेमरी कार्डावर लिहायची आणि कार्ड पायमध्ये घालून तो सुरू करायचा. खऱ्या अडचणी वर्गात आल्या. पायच्या अंगच्या वायफायवर एका वेळी थोडेच मोबाईल जोडता येतात, म्हणून प्रयोगशाळेतला जुना राउटर केबलनं त्याला जोडला. ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही’ असं म्हणत मोबाईल परत सिमच्या डेटावर उड्या मारायचे. आता तासाच्या सुरुवातीला सगळेजण मोबाईल डेटा बंद करतात. लाईट जायची, आणि पाय अचानक बंद पडला तर कार्डावरचा मजकूर खराब होण्याची भीती असते. म्हणून तो पॉवर बँकेवर चालवतो आणि तास संपला की रीतसर शटडाऊन करतो. मोबाईल नसलेल्यांना शेजाऱ्याबरोबर बसवतो.

त्यावर मी काय ठेवलं, हे जास्त महत्त्वाचं. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात आणि त्यांतली अनेक मराठीतही आहेत. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातलं विद्युतमंडलाचं सिम्युलेशन ठेवलं, आणि त्याआधी एक प्रश्न: दोन बल्ब एकसर जोडणीत आहेत, जास्त करंट कोणत्या बल्बमधून जाईल?

बहुतेकांनी उत्तर दिलं, पहिल्यातून. मूडलवर कोणत्या पर्यायाला किती मतं पडली ते लगेच पट्ट्यांमध्ये दिसतं. ती पट्टी बघून मी गप्पच झालो. हीच मुलं ओहमच्या नियमावरची गणितं बरोबर सोडवत होती. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी नव्वदच्या दशकात रूढ केलेली पद्धत मी इथं वापरतो: आधी प्रत्येकानं एकट्यानं मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत द्यायचं.

“पहिल्यानं करंट खाल्ल्यावर दुसऱ्याला तेवढाच राहील का?” एकजण म्हणाला. त्याच्या बाकावरची मुलगी त्याला म्हणाली, “आरं, दोघांनी खाऊन टाकला तर बॅटरीत माघारी काय येतंय?” एवढं चांगलं मला फळ्यावर कधी सांगता आलं नव्हतं. मग त्यांनी सिम्युलेशनमध्ये बल्बच्या अलीकडे, मध्ये आणि पलीकडे करंट मोजणारा ॲमीटर लावून पाहिला. तिन्ही जागी आकडा एकच. शेवटी खऱ्या तारा, खरे बल्ब आणि प्रयोगशाळेतला खरा ॲमीटर. ही पायरी मी कधीच वगळत नाही. पडद्यावर पाहिलेलं हातानं करून पाहिल्याशिवाय भौतिकशास्त्र अंगात मुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पीपीटी वाचून दाखवली की अध्यापन डिजिटल झालं, हे मला पटत नाही. मला उपयोग झाला तो मुलांना काय कळलेलं नाही हे परीक्षेच्या आधी दिसू लागल्याचा. पूर्वी ते उत्तरपत्रिका तपासताना कळायचं, तेव्हा वेळ निघून गेलेली असायची. आता आदल्या तासाची उत्तरं पाहून मी पुढचा तास आखतो. मागच्या बाकावरच्या, कधीच हात वर न करणाऱ्या मुलींची उत्तरंही त्यात असतात.

उसाला जाणाऱ्यांसाठी वेगळी सोय करावी लागली. निघण्याआधी त्यांच्या मोबाईलच्या मेमरी कार्डावर सत्राचे छोटे मराठी व्हिडिओ, टिपणं आणि सिम्युलेशन्स भरून देतो. व्हिडिओ पाच-सात मिनिटांचेच ठेवतो आणि फाईल लहान करून घेतो, कारण तिकडं मोबाईल चार्ज करायचीही मारामार असते. शंका आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. रेंज मिळाली की व्हॉट्सॲपवर ती आपोआप येते. पहाटे फडावर निघायच्या आधी पाठवलेल्या शंका मला येतात. मी त्याच दिवशी उत्तर देतो. एवढ्या कष्टात जो मुलगा किर्चहॉफचा नियम विचारतो, त्याला थांबवून ठेवणं मला जमत नाही.

वर्गातली जागा याने भरून निघत नाही, प्रात्यक्षिकं तर बुडतातच. मुलं परतल्यावर ती जादा तास लावून घेतो, त्यासाठी प्राचार्यांनी प्रयोगशाळा सुट्टीतही उघडी ठेवायला परवानगी दिली आहे. सध्या प्रकाशशास्त्राचे प्रश्न मराठीत लिहितो आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांनी वर्गात खरोखर दिलेल्या उत्तरांतून घेतो. शेजारच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी त्यांच्या विषयासाठी मूडलबॉक्सच्या याच कार्डाची प्रत मागितली आहे. ती या आठवड्यात करून द्यायची आहे.