आमची वाटचाल : पाठ कापलेल्या खुर्चीपासून

बेळगावात शहापुरातल्या आमच्या घराच्या माडीवर २०११ च्या दसऱ्याला योगवर्ग सुरू केला, तेव्हा सामान म्हणजे चार सतरंज्या, दोन लोड आणि घडीची एक लोखंडी खुर्ची. तिची पाठ उद्यमबागेतल्या एका वेल्डरकाकांकडून कापून घेतली होती. कापलेली टोकं त्यांनी दोनदा कानशीनं घासली, मग स्वतःचा तळहात फिरवून बघितला आणि म्हणाले, "आता कुणाला लागायचं न्हाई, अक्का." ती खुर्ची अजून रोज वापरात आहे.

खुर्ची, पट्टा, लोड यांच्या आधारानं आसन करायची रीत रुजवली योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला गेले ते डॉ. गोखले यांच्या बोलावण्यावरून, आणि हे डॉक्टर त्याआधी बेळगावात सिव्हिल सर्जन होते. आपल्या गावाचा हा धागा मला फार जवळचा वाटतो.

मी मूळची शिवणकाम करणारी. बारा वर्षं मशीनवर वाकून कंबर गेली, म्हणून योग शिकले आणि मग शिकवू लागले. पण स्वतःला बरं वाटलं म्हणजे दुसऱ्याची दुखणी कळतात असं नाही. दुसऱ्याच वर्षी खासबागेतले एक यंत्रमागावरचे दादा आले. त्यांना पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकवून, बसवून मी पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिला. तीन दिवस त्यांना उठता येईना. घरी जाऊन माफी मागितली, फी परत केली. ते पुन्हा आले नाहीत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी कुणाच्या अंगावर दाब देत नाही.

त्यानंतर मी दुखण्याचा नीट अभ्यास केला. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं वेगळं असतं. बऱ्याचदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था सावधच राहते. चोर गेला तरी राखणीचा कुत्रा भुंकत राहावा, तसं. अशा वेळी अंथरुणाला खिळून राहिलं तर स्नायू ढिले पडतात, भीती वाढते. आणि एका दिवशी जोर लावला तर चार दिवस झोपून काढावे लागतात. म्हणून आम्ही रोज थोडंच करतो. सुरुवातीला दहाच मिनिटं : खुर्चीवर पोटऱ्या ठेवून उताणं पडायचं, सावकाश श्वास सोडायचा, मग मार्जारासन, म्हणजे हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ वर-खाली करायची, मग भिंतीला हात टेकून अर्धंच वाकायचं. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनंही २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांआधी व्यायाम, योग असे उपाय करून बघायला सांगितलं आहे.

मात्र पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर आम्ही वर्गात घेत नाही. लगेच डॉक्टरांकडे पाठवतो. ताप किंवा आपोआप घटणारं वजन असेल तरी आधी डॉक्टर. यात गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

शिकवणं मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांत चालतं. "श्वास सोडा" म्हटलं की पाठोपाठ "उसिरु बिडी" आपोआप येतं. २०२० मध्ये माडी बंद होती तेव्हा फोनवरून शिकवलं. फी निम्म्यांनीच दिली, पण वर्ग तुटला नाही. आज तीन वर्ग आहेत, मदतीला दोघी आहेत आणि खुर्च्या चौदा.

पावसाळ्यात सकाळचा वर्ग रिकामा होतो. भातातली भांगलण सुरू झाली की येळ्ळूरच्या बायका महिनाभर दिसत नाहीत. यंदा जाताना मी त्यांना बांधावर उभ्या उभ्या करायचे दोन प्रकार शिकवले होते. परवा एक मावशी परत आल्या. चप्पल काढली, कोपऱ्यातली तीच जुनी खुर्ची स्वतः उचलून आणली आणि म्हणाल्या, "दुखलं गं, पण औंदा भ्यालो न्हाई."